पोटदुखीचं कारण सापडत नाही, लिव्हरचे रिपोर्टही वाढलेले. कोणी यातून गेलंय का?

निशिगंधा_सांगली | ३ मे

नमस्कार. माझ्या पोटात गेल्या दिवाळीपासून उजव्या बाजूला दुखतंय. वय ४३, बँकेत नोकरी. दुखण्याची जागा बरगडीच्या खाली, बेंबीच्या उजवीकडे जरा वर. कधी नुसतं ठणकतं, कधी एकदम टोचतं. जेवणाशी संबंध आहे असं ठाम सांगता येत नाही. संध्याकाळी जास्त, झोपेत कूस बदलताना जास्त, पाण्याची बादली उचलली की हमखास. ताप नाही, वजन उतरलेलं नाही, पोट साफ होतं.

आधी आमच्या डॉक्टरांनी ॲसिडिटीच्या गोळ्या दिल्या. फरक नाही म्हणून सोनोग्राफी केली. पित्ताशयात खडा नाही, लिव्हर नॉर्मल. रक्त तपासलं तर लिव्हरची एन्झाइम्स वाढलेली, एसजीपीटी ११८ आणि एसजीओटी ८४. बिलिरुबिन ०.७, अल्कलाइन फॉस्फेटेज नॉर्मल. महिन्याभराने परत तपासलं तेव्हा एसजीपीटी १४६. पोटविकारतज्ज्ञांनी एंडोस्कोपी केली, जठराला किंचित सूज, बाकी काही नाही. सीटी स्कॅनही स्वच्छ. हिपॅटायटिस बी आणि सी निगेटिव्ह.

एक डॉक्टर म्हणाले फॅटी लिव्हरची सुरुवात असेल. दुसरे म्हणाले, मॅडम, टेन्शन घेऊ नका. घरचे काळजीने दमलेत. सासूबाई रोज विचारतात, "आज कसं आहे गं?" आणि मला दरवेळी "तसंच आहे" म्हणायचं जिवावर येतं. रात्री दुखायला लागलं की मी मोबाईलवर वाचत बसते आणि जास्तच घाबरते.

पुढे डॉक्टरांना नेमकं काय विचारू? आणि कारण सापडेपर्यंत तुम्ही दिवस कसे काढलेत?

लॅबकोपरा | ३ मे

निशिगंधाताई, मी पॅथॉलॉजी लॅबमध्ये टेक्निशियन आहे. निदान करणं माझं काम नाही, पण रिपोर्ट वाचायला मदत करू शकतो.

एसजीपीटी आणि एसजीओटी ही पेशीच्या आतली एन्झाइम्स आहेत. पेशीला इजा झाली की ती रक्तात उतरतात. त्यावरून इजा होतेय एवढं कळतं, लिव्हरचं काम मंदावलंय असं त्यातून ठरत नाही. लिव्हर काम करतंय का हे बघायला अल्ब्युमिन (लिव्हर बनवतं ते प्रथिन), बिलिरुबिन (कावीळ दाखवणारं रंगद्रव्य) आणि प्रोथ्रॉम्बिन टाइम (रक्त गोठायला लागणारा वेळ) लागतात. त्या शेवटच्या तपासणीत आयएनआर नावाचा आकडा येतो, तुमच्या रिपोर्टमध्ये तो आहे का बघा. नसेल तर पुढच्या वेळी मागून घ्या.

अल्कलाइन फॉस्फेटेज आणि जीजीटी ही आणखी दोन एन्झाइम्स, दोन्ही वाढलेली असतील तर पित्ताच्या वाटेकडे संशय जातो. एकटं अल्कलाइन फॉस्फेटेज वाढलं तर ते हाडांतूनही येतं, वाढत्या वयाच्या मुलांत आणि गरोदरपणात ते वाढलेलंच असतं. एसजीओटी स्नायूंतही असतं. आमच्याकडे एका तरुण मुलाचं एसजीओटी तीनशेच्या वर गेलं होतं, घरचे हादरले होते. त्याने नुकतीच जिम लावली होती. सीपीके हे स्नायूंचं एन्झाइम तपासल्यावर ते हजारांत निघालं, म्हणजे सगळं स्नायूंचं होतं. तुमचं एसजीपीटी एसजीओटीपेक्षा जास्त आहे, त्यामुळे तुमच्या बाबतीत लिव्हरकडेच बघायला हवं.

आणखी एक. रक्त काढताना तांबड्या पेशी फुटल्या तर एसजीओटी खोटं वाढतं. शक्यतो दरवेळी एकाच लॅबमध्ये जा, आणि सगळे रिपोर्ट एका कागदावर तारखेप्रमाणे उतरवून काढा. डॉक्टरांसमोर फाईल उलगडत बसण्यापेक्षा तो एक कागद जास्त बोलतो.

सह्यवाट | ४ मे

ताई, माझं एसजीपीटी बरीच वर्षं ९० च्या आसपास होतं. मी दारूच्या थेंबाला शिवत नाही. तरी प्रत्येक नव्या डॉक्टरसमोर तोच प्रश्न, आणि उत्तर दिल्यावर तीच शंकेची नजर. एकदा तर बायकोला बाहेर थांबवून विचारलं, "आता खरं सांगा." फार लागलं होतं मनाला.

मला फॅटी लिव्हर निघालं. त्याचं वैद्यकीय नाव २०२३ मध्ये बदलून चयापचयाशी जोडलं गेलं, कारण दारू न पिणाऱ्यांवर विनाकारण डाग लागत होता, असं मला माझ्या डॉक्टरांनी सांगितलं. ऐकून बरं वाटलं. साखर बॉर्डरवर, पोट सुटलेलं, ट्रायग्लिसराइड्स वाढलेले, हे माझं मूळ. वजन उतरवलं. सात ते दहा टक्के उतरलं तर लिव्हरची सूजसुद्धा कमी होते असं सांगितलं होतं आणि माझे आकडे खरंच खाली आले. बिनसाखरेची कॉफी चालते, उलट चांगली.

मात्र मला पोटात कधीच दुखलं नाही. तुमचं दुखणं फॅटी लिव्हरमुळे असेल असं मला वाटत नाही.

काळी_माती | ४ मे

आमच्या तालुक्यात काविळीचं झाडपाल्याचं औषध देणारे आहेत. सकाळी उपाशीपोटी तीन दिवस घ्यायचं. लिव्हर साफ होतं. पत्ता हवा असेल तर विचारा. माळ पण घालतात.

वैनगंगा | ४ मे

काळी_माती, तुम्ही आपुलकीने सांगताय हे कळतंय. पण यांना कावीळ नाही, बिलिरुबिन ०.७ आहे. आणि आमच्या घरात जे झालं ते वाचून मग कोणाला पत्ता द्यायचा ते ठरवा, ही विनंती.

माझ्या सासऱ्यांच्या पोटात असह्य कळा येत. बेंबीभोवती पिळवटून निघायचं, चार-चार दिवस शौचाला व्हायचं नाही. हिमोग्लोबिन घसरत चाललं होतं, एसजीपीटी थोडं वाढलेलं. वरून-खालून दुर्बिणी झाल्या, सीटी झालं. आतड्यात काही नाही, लिव्हर दिसायला बरं. एका ठिकाणी अपेंडिक्स काढू म्हणाले. शेवटी नागपुरात एका तरुण डॉक्टरने रक्ताची काच स्वतः सूक्ष्मदर्शकाखाली बघितली आणि तांबड्या पेशींवर बारीक निळे ठिपके आहेत म्हणाला. लगेच विचारलं, "बाबा, भस्म वगैरे काही घेता का?"

घेत होते. मधुमेहासाठी एका वैदूकडून आणलेल्या पुड्या, कागदावर कसलंही नाव नाही. रक्तातलं शिसं तपासलं तर डेसीलिटरला ९० मायक्रोग्रॅमच्या पुढे. जागतिक आरोग्य संघटना ५ पासूनच शिसं कुठून येतंय ते शोधा म्हणते. पुड्या बंद केल्या, शिसं बाहेर काढणारं औषध दिलं, आणि काही आठवड्यांत कळा थांबल्या. लिव्हरचे आकडेही सुधारले. इतके दिवस कोणी विचारलं नव्हतं आणि सासऱ्यांनी सांगितलं नव्हतं, कारण त्यांच्या लेखी ते औषध नव्हतंच, ते "आपलं घरचं" होतं.

निशिगंधा, तू काय काय घेतेस ते सगळं लिही बरं. काढे, चूर्णं, केसांच्या गोळ्या, प्रोटीन पावडर, सगळं.

अनुजा_परभणी | ४ मे

माझं थोडक्यात. नवरात्रात नऊ दिवस उपवास केले की माझे डोळे पिवळसर दिसायचे. बिलिरुबिन २.४, बाकी सगळं नॉर्मल. खूप तपासण्या झाल्या. शेवटी गिल्बर्ट सिंड्रोम निघाला. जन्मजात असतो, उपाशी राहिलं किंवा ताप आला की बिलिरुबिन वाढतं, लिव्हरला धोका नसतो, औषध लागत नाही. फक्त इनडायरेक्ट बिलिरुबिन वाढलेलं असेल तर हे विचारून बघावं. निशिगंधाताईंचं हे नाही, पण धागा शोधत कोणी आलं तर उपयोगी पडेल.

ब्रिस्टलकर | ५ मे

मी इंग्लंडमध्ये असतो. माझं पित्ताशय खड्यांमुळे काढलं होतं आणि तरी वर्षभराने तसंच दुखायला लागलं. रात्री जड जेवण झालं की पोटाच्या वरच्या भागात धरायचं, उजव्या खांद्याच्या पात्यापर्यंत जायचं, तासाभराने सुटायचं. दुसऱ्या आठवड्यात तपासलेलं रक्त नॉर्मल, सोनोग्राफी नॉर्मल. "पित्ताशयच नाही तर खडा कुठून?" असं मलाही वाटायचं.

एका नर्सने सांगितलं, दुखेल त्या वेळीच इमर्जन्सीत येऊन रक्त दे. तसं केलं. एसजीपीटी चारशेच्या वर! आठवड्याने परत नॉर्मल. दुखण्याबरोबर चढतं आणि नंतर उतरतं म्हटल्यावर डॉक्टरांनी पित्तनलिका नीट बघायची ठरवली. एमआरसीपीत, म्हणजे पित्तनलिकेच्या एमआरआयमध्ये, स्पष्ट दिसलं नाही, दुर्बिणीला जोडलेल्या सोनोग्राफीत नलिकेत बारीक खडे दिसले. काढले, थांबलं.

म्हणून विचारतो, तुम्ही रक्त दिलं तेव्हा दुखत होतं का? दुखण्याबरोबर आकडे हलतात की आपापले वर राहतात?

मांडवीतीर | ५ मे

म्हापशाहून लिहितेय. मला ऑटोइम्यून हिपॅटायटिस आहे, म्हणजे शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच लिव्हरवर उलटते. सुरुवात अशीच, थकवा आणि एसजीपीटी दोनशेच्या आसपास. बी, सी निगेटिव्ह आलं म्हणून सगळे निर्धास्त झाले होते. नंतर बांबोळीला गोवा मेडिकल कॉलेजात एएनए आणि आयजीजी या रक्तातल्या अँटिबॉडींच्या तपासण्या केल्या, ते वाढलेलं निघालं, मग बायोप्सी, म्हणजे लिव्हरचा बारीक तुकडा काढून तपासणं. प्रतिकारशक्ती आवरणारी औषधं आहेत, त्यातलं प्रेडनिसोलोन आता कमी करत आणलंय आणि अझाथायोप्रिन चालू आहे. शाळेत पूर्ण वेळ शिकवते, घर सांभाळते.

बायोप्सीची मला भयंकर भीती होती. बरगड्यांमधून सुई जाते, जागा बधिर करतात, खांद्यात जरा दुखतं आणि काही तास पडून राहावं लागतं. त्यापेक्षा जास्त काही झालं नाही. कोणाला सांगितली असेल तर या भीतीपायी पुढे ढकलू नका.

बायकांमध्ये हा आजार पुरुषांपेक्षा बराच जास्त असतो. तुला थायरॉईड आहे का गं?

निशिगंधा_सांगली | ५ मे

किती मनापासून लिहिलंत सगळ्यांनी. कालची रात्र मी इतर काही न वाचता हेच वाचलं.

मी काय घेते: थायरॉईडची गोळी, खूप वर्षांपासून. कॅल्शियम. गुळवेलीचा काढा, रोज सकाळी, कोरोनाच्या काळात घरात सुरू झाला तो चालूच राहिला. मागच्या वर्षीपासून परसातल्या वेलीचा, ताजा. भस्म वगैरे नाही. दुखलं की पॅरासिटॅमॉल, आठवड्यातून एखादी.

ब्रिस्टलकर, दुखणं तर रोजच आहे, कमी-जास्त. खांद्याकडे जात नाही. बोट ठेवून दाखवता येईल इतकी एकच जागा आहे.

तिसरा_मजला | ६ मे

मी पोटविकारतज्ज्ञ आहे. इथे कोणाला तपासता येत नाही, त्यामुळे हे तुमच्या डॉक्टरांपुढे ठेवायचे मुद्दे समजा. पण तुमच्या शेवटच्या प्रतिसादात मला दोन गोष्टी फार महत्त्वाच्या वाटल्या.

तुम्ही आणि तुमचे डॉक्टर, दोघांनीही दुखणं आणि एसजीपीटी यांना एकच आजार धरलंय. तसं असेलच असं नाही. लिव्हरच्या आत दुखणं जाणवणाऱ्या नसा नसतात, त्याच्या वरच्या आवरणाला असतात. लिव्हर सुजून आवरण ताणलं गेलं, गळू झालं, तर दुखतं. एसजीपीटी १४६, सोनोग्राफीत आकार नॉर्मल, अशा लिव्हरमुळे सहा महिने एका बोटाएवढ्या जागी दुखत राहणं बसत नाही. दोन प्रश्न वेगळे करा. दोन वेगळी उत्तरं मिळतील अशी तयारी ठेवा. कारण सापडत नाही म्हणून माझ्याकडे येणाऱ्या पेशंटमध्ये हा गुंता मी पुन्हा पुन्हा बघतो. दुखण्याचं कारण लिव्हरमध्ये शोधत राहतात आणि लिव्हरचं कारण पोटात.

आता दुखणं. कूस बदलताना, बादली उचलताना, बोट ठेवता येईल अशी जागा. हे पोटाच्या आतलं दुखणं आहे की पोटाच्या भिंतीचं, हे कोणी तपासलं का? तपासणी अगदी सोपी आहे. उताणं झोपायचं, डॉक्टर दुखऱ्या जागेवर बोट दाबून धरतात, आणि तुम्ही हात छातीशी ठेवून डोकं आणि खांदे उचलायचे. स्नायू ताठ झाल्यावर आतला अवयव झाकला जातो, म्हणजे आतलं दुखणं कमी व्हायला हवं. वाढलं किंवा तसंच राहिलं तर दुखणं भिंतीत आहे. कार्नेट नावाच्या सर्जनने १९२६ मध्ये हे लिहून ठेवलंय. पोटाच्या सरळ स्नायूच्या कडेला एक बारीक नस बाहेर येते, ती तिथे आवळली जाते. सीटीत ती दिसत नाही, एंडोस्कोपीत दिसत नाही. त्या जागी बधिर करणारं इंजेक्शन दिलं आणि मिनिटांत दुखणं गेलं तर निदान आणि उपचार दोन्ही तिथेच होतात.

एसजीपीटी. गुळवेलीबद्दल सांगायलाच हवं. २०२१ मध्ये मुंबईतल्या डॉक्टरांनी गुळवेल घेणाऱ्या आणि लिव्हरला इजा झालेल्या सहा रुग्णांची नोंद प्रसिद्ध केली. पुढच्या वर्षी देशातल्या १३ केंद्रांमधल्या ४३ रुग्णांची नोंद आली. चित्र बऱ्याच जणांत ऑटोइम्यून हिपॅटायटिससारखं होतं, आणि ज्यांना आधीपासून ऑटोइम्यून आजार आहे त्यांना धोका जास्त दिसला. आयुष मंत्रालयाने यावर आक्षेप घेतला होता. गुळवेल सुरक्षित आहे आणि तिच्यासारख्या दिसणाऱ्या दुसऱ्या वेलीमुळे असं होऊ शकतं, असं त्यांचं म्हणणं. तो वाद तज्ज्ञ सोडवतील. तुमच्यासाठी निर्णय सरळ आहे: एसजीपीटी वाढलेलं असताना काढा बंद. आजपासून.

बंद करून थांबू नका. एएनए, स्मूथ मसल अँटिबॉडी आणि आयजीजी करून घ्या. मांडवीतीर यांनी थायरॉईडचं विचारलं ते अगदी बरोबर आहे, थायरॉईडचा आजारही बऱ्याचदा ऑटोइम्यून असतो. सोबत साखर, लिपिड, फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा), आणि सेलियाकसाठी, म्हणजे गव्हातलं ग्लुटेन न सोसण्याच्या आजारासाठी, टीटीजी. पन्नाशीच्या आतल्यांत सेरुलोप्लाझ्मिन एकदा बघावं, विल्सनचा आजार (लिव्हरमध्ये तांबं साठतं) वेळेत सापडला तर औषधाने आटोक्यात राहतो. थायरॉईडची गोळी मात्र मनाने बंद करू नका.

वाट बघायची नाही अशी लक्षणं: डोळे पिवळे, लघवी चहाच्या रंगाची, शौच पांढुरकी, पोटदुखीबरोबर थंडी वाजून ताप, काळी शौच किंवा रक्ताची उलटी, वागण्या-बोलण्यात गोंधळ, आयएनआर वाढणं. यातलं काहीही झालं तर धागा नको, दवाखाना.

वैनगंगा | ६ मे

डॉक्टर, फार उपकार झाले हे लिहिलंत. एक विचारते. माझ्या मैत्रिणीच्या मुलीला पाळीच्या आधी पोटात भयंकर दुखतं, ॲडमिट करावं लागतं, पोट दाबलं तर मऊ, सगळे स्कॅन नॉर्मल. एसजीपीटी किंचित वाढलेलं. सगळे म्हणतात नाटकं करते. वय २४.

तिसरा_मजला | ६ मे

नाटकं म्हणण्याआधी एक तपासणी नक्की करा. पोर्फिरिया नावाचा दुर्मिळ आजार आहे. झटक्यात येतो, मुलींमध्ये पाळीच्या आधी, उपवासानंतर किंवा काही औषधांनी. दुखणं प्रचंड आणि पोट मऊ हेच त्याचं वैशिष्ट्य. झटक्यात रक्तातलं सोडियम उतरतं, लघवी उजेडात ठेवली तर गडद लालसर होते. लघवीतलं पीबीजी (पोर्फोबिलिनोजेन, या आजारात वाढणारं द्रव्य) तपासायचं, पण दुखत असतानाच घेतलेल्या नमुन्यात, आणि नमुना उजेडापासून झाकून न्यायचा. दोन झटक्यांच्या मध्ये ते नॉर्मल येऊ शकतं आणि मग सगळे परत तेच म्हणतात. तोवर तिने कडक उपवास करू नयेत.

सह्यवाट | ७ मे

एक विनंती, हा प्रतिसाद कोणीतरी धाग्याच्या वर चिकटवून ठेवा. वैनगंगाताई, त्या मुलीला हे आजच कळवा.

निशिगंधा_सांगली | २२ मे

थोडक्यात कळवते, नंतर सविस्तर लिहीन. काढा त्याच दिवशी बंद केला. सासूबाईंना सांगताना मला वाटलं होतं त्यांना वाईट वाटेल, वेल त्यांनीच लावलेली. त्या एवढंच म्हणाल्या, "मग चहाच घे बाई, आल्याचा." एएनए किंचित पॉझिटिव्ह आहे, आयजीजी वरच्या मर्यादेला टेकलेलं. आमच्या डॉक्टरांचं म्हणणं, बायोप्सी लगेच नको, आधी काढा बंद करून आकडे कुठे जातात ते बघू. आयएनआर १.०, अल्ब्युमिन चांगलं. लॅबकोपरा, तुमचा एक कागद मी केला. डॉक्टरांनी तो हातात घेऊन शांतपणे वाचला, असं पहिल्यांदाच झालं.

पिंपळपार | २३ मे

मी वाचक, पहिल्यांदाच लिहितोय. माझ्या दुखण्याचं कारण शेवटपर्यंत सापडलं नाही, त्यामुळे "दिवस कसे काढले" या प्रश्नाला उत्तर द्यावंसं वाटलं.

सगळ्यात जास्त मदत झाली ती एकच डॉक्टर धरल्यामुळे. नवीन डॉक्टर म्हणजे पुन्हा पहिल्यापासून, पुन्हा सोनोग्राफी, पुन्हा ॲसिडिटीच्या गोळ्या. माझ्या डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, "कारण माहीत नाही, पण घाबरण्याजोगं काही सुटलेलं नाही. दर तीन महिन्यांनी भेटू, मधे नवीन लक्षण आलं तरच लगेच या." माहीत नाही असं कोणी सरळ म्हटल्यावर मला झोप लागली. त्याआधी प्रत्येकजण काहीतरी नाव देत होता आणि दुसरा ते खोडत होता.

आतड्याच्या संवेदनशील नसांसाठी रात्री अगदी कमी मात्रेची ॲमिट्रिप्टिलिन दिली. चिठ्ठीवर डिप्रेशनचं औषध वाचून भाऊ चिडला होता. डॉक्टरांनी त्याला बसवून सांगितलं की दुखण्याचे संदेश मेंदूकडे जातात ते या मात्रेत मंदावतात, "मनाचं आहे" असा त्याचा अर्थ नाही. मला उपयोग झाला. सगळ्यांना होईल असं नाही.

रात्री वाचायचं बंद केलं. प्रश्न सुचले की वहीत लिहायचे, सकाळी बघायचे. सकाळी त्यातले निम्मे विचारण्यासारखे वाटत नाहीत. आणि ऑफिसमध्ये एकाच माणसाला खरं सांगितलं. बाकीच्यांना रोज तब्येतीचा हिशोब देणं थांबवलं. घरच्यांशी ठरवलं की मी होऊन सांगेन तेव्हाच बोलायचं. आईला अवघड गेलं, पण तिने पाळलं.

अनुजा_परभणी | २३ मे

पिंपळपार, "मी होऊन सांगेन" हे मी आज घरात बोलून दाखवणार आहे.

मांडवीतीर | २४ मे

तपासण्यांच्या खर्चावर कोणी बोललं नाही म्हणून. मेडिक्लेममध्ये ॲडमिट न होता केलेल्या तपासण्या बहुतेक वेळा बसत नाहीत, आणि वर सांगितलेल्या सगळ्या एकदम केल्या तर खिसा रिकामा होतो. डॉक्टरांना विचारा, यातली आधी कुठली? सगळ्या एकाच दिवशी लागत नाहीत. सरकारी मेडिकल कॉलेजांत गर्दी असते, पण विभाग चांगले आहेत. परळच्या केईएममध्ये पोटविकारांचा स्वतंत्र विभाग आहे. आणि कोणाचं हिपॅटायटिस बी किंवा सी पॉझिटिव्ह आलं तर २०१८ पासून राष्ट्रीय कार्यक्रमात तपासणी आणि औषध मोफत आहे. सी तर बहुतेकांचा १२ आठवड्यांच्या गोळ्यांनी पूर्ण बरा होतो. पैशांमुळे लपवून ठेवलेली माणसं मी वॉर्डात बघितली आहेत, म्हणून लिहिलं.

निशिगंधा_सांगली | ३० जून

आता सविस्तर.

आकडे आधी. एसजीपीटी १४६ वरून ८८, आणि काल ५२. एसजीओटी ४१. आयजीजीही खाली आलंय. बायोप्सी सध्या नाही.

दुखणं मात्र आकडे उतरत असतानाही तसंच होतं. तिसरा_मजला यांनी दोन प्रश्न वेगळे करा म्हटलं नसतं तर मी हे बघून पुन्हा घाबरले असते. डॉक्टरांना ती डोकं उचलायची तपासणी विचारली. त्यांनी लगेच करून बघितली. बोट दाबून मी खांदे उचलले आणि अक्षरशः ओरडले. त्या जागेच्या त्वचेला चिमटा घेतला तर डावीकडच्या मानाने फार झोंबलं. त्यांनी पेन क्लिनिकमध्ये पाठवलं. सोनोग्राफीत बघत इंजेक्शन दिलं आणि टेबलावरून उठायच्या आत दुखणं गेलं. मी आणि माझा नवरा दोघेही तिथे रडलो. मग ते थोडं परतलं, आधीच्या निम्म्याने. दुसरं इंजेक्शन झालंय. बादली अजून नवराच उचलतो.

काळी_माती, तुमच्यावर राग नाही. तुमच्या गावात कोणी तो पाला घेत असेल तर एकदा एसजीपीटी तपासायला सांगा, एवढं करा.

काळी_माती | १ जुलै

राग कशाचा. आमच्या वहिनी मागच्या महिन्यापासून घेतायत, पाय सुजलेत. आजच तालुक्याला नेतो.

तिसरा_मजला | १ जुलै

काळी_माती, पाय सुजलेत तर अल्ब्युमिन, क्रिएटिनिन (किडनीसाठी) आणि आयएनआर आजच करा, डोळे पिवळे आहेत का बघा, आणि उरलेला पाला पिशवीत घालून डॉक्टरांना दाखवायला न्या.

निशिगंधाताई, छान. पण एसजीपीटी नॉर्मल आलं तरी तपासणी थांबवू नका. गुळवेलीनंतरच्या काही रुग्णांत ऑटोइम्यून आजार नंतर उघडा पडतो. सहा महिन्यांपर्यंत दर सहा-आठ आठवड्यांनी एसजीपीटी आणि शेवटी एकदा आयजीजी. इंजेक्शनचा परिणाम दरवेळी थोडा जास्त टिकतोय का ते लिहून ठेवा. टिकत नसेल तर नस मोकळी करायची छोटी शस्त्रक्रिया असते, त्याचा विचार तेव्हा.

निशिगंधा_सांगली | १ जुलै

लिहून ठेवलं. पुढचं रक्त गणपतीच्या आधी द्यायचंय, आकडे इथेच टाकते. काळी_माती, वहिनींचं काय झालं ते कळवा.